आतली सूज उतरवली की शुगर उतरते का? मायसाठी विचारतोय

पऱ्हाटीवाला_दारव्हा:
माझी माय ५८ वर्षांची. उपकेंद्राच्या शिबिरात उपाशीपोटी शुगर १६८ निघाली, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.९. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू आहे. आता मोबाइलवर एक व्हिडिओ फिरून राहिला की शुगर म्हणजे शरीराच्या आतली सूज, सूज उतरवा, शुगर आपोआप उतरते. मायचे गुडघे तसेही सुजतात. गावातले डॉक्टर कमरेत इंजेक्शन देतात, मग ती निंदणालाही जाते. तेच नेमानं घेतलं तर दोन्ही दुखणी जातील काय? पण मागच्या वेळी इंजेक्शननंतर शुगर ३०० च्या वर गेली. असं काहून झालं?

औषधवाला_आर्णी:
भाऊ, एका सुईत गुडघा मोकळा होत असेल तर ते बहुतेक डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. सूज दाबण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण तेच यकृताला जास्त साखर बनवायला लावतं आणि स्नायूंवर इन्सुलिनचा असर होऊ देत नाही. म्हणून ३००. अशा सुया आणखी घेऊ नका. मात्र बरेच दिवस घेत आली असेल, सोबत पुडीतल्या गोळ्याही असतील, तर त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, धोका होतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा. नाव नसलेल्या गोळ्यांची पुडी माझ्या काउंटरवर येते तेव्हा जीव तुटतो, कारण त्यात काय आहे ते मलाही सांगता येत नाही.

व्हिडिओतली अर्धी गोष्ट खरी आहे. पोटाच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचं सूज आणणारं रसायन सुटतं आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं, हे १९९३ मध्ये उंदरांवर दिसलं. मग सूज उतरवणारी औषधंही तपासली गेली. ॲस्पिरिनच्या नात्यातलं सालसालेट अमेरिकेत ४८ आठवडे देऊन पाहिलं, निकाल २०१३ मध्ये आला: एचबीए१सी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ०.३७ नं जास्त उतरलं, पण लघवीतून प्रथिन जास्त जाऊ लागलं. एवढ्याशा फायद्यासाठी किडनीचा धोका कोण पत्करणार? दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक रोज खाणं तर शुगरवाल्या माणसानं टाळावंच.

जास्त फरक पडतो वजनानं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात आहार आवळून वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभरानं औषधाविना आटोक्यात होती. मायची कंबर मोजा. बाईमाणसाची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर हातपाय काटकुळे असले तरी पोटात चरबी आहे. रात्रीचा भाताचा ढीग कमी करा, ज्वारीची भाकरीही मोजून, तुरीचं वरण आणि भाजी वाढवा. जवसाची चटणी चांगलीच, पण तिला औषध समजू नका.

आशाताई_घाटंजी:
दादा, माय गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट) लावते का, की तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते? हिरड्यांतून रक्त येतं का? हिरड्यांची जुनी सूज शुगर वाढवते, आणि दातांच्या डॉक्टरकडून हिरड्या खोलवर साफ केल्या तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.४ नं उतरतं. वर औषधवाल्या भाऊंनी सांगितलेल्या गोळीइतकंच, अन् किडनीला धक्का नाही. आमच्याकडच्या बाया दात हलायला लागल्यावरच दाखवतात, त्याचं मले लय वाईट वाटते.

अजून एक. घरात कोणाले सिकलसेल (पिढीजात रक्ताचा आजार) आहे का? असेल तर एचबीए१सीवर विसंबू नका. तांबड्या पेशी लवकर मरतात, आकडा खोटाच कमी दिसतो.

पऱ्हाटीवाला_दारव्हा:
ताई, सकाळ-संध्याकाळ गुडाखू आहे, चूळ भरली की लाल पाणी पडते. आणि मामाच्या पोराले सिकलसेल आहे, मायची तपासणी कधी झालीच नाही.

आशाताई_घाटंजी:
मग आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. तोवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहीत जा. गुडाखू एकदम सुटत नसेल तर आधी संध्याकाळचा बंद करायला लावा. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा शुगर आहे हे पहिल्यांदा सांगजा, म्हणजे ते सुई देताना विचार करतील.