महापालिकेचे नवे संकेतस्थळ आणि आपले निवेदन : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपली महापालिका संकेतस्थळ नव्याने तयार करून घेत असून त्यासाठी नागरिकांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. सोसायटीच्या वतीने एकच एकत्रित निवेदन द्यावे, असे कार्यकारिणीत ठरले आहे. घरपट्टी, पाणीपट्टी किंवा दाखल्यांच्या बाबतीत ज्यांना अडचणी आल्या असतील त्यांनी त्या कृपया येथेच लिहाव्यात. सुप्रभात संदेश तेवढे थोडे दिवस बाजूला ठेवावेत, ही विनंती.

बी-५०१ : सवलतीच्या शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ हमखास बंद पडते, हे पहिल्या क्रमांकाला लिहावे.

डी-१०३ : मला दृष्टी नाही, हे ग्रुपवरील बहुतेकांना ठाऊक आहे, पण मी संगणक कसा वापरतो हे ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या संगणकावर एनव्हीडीए नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांच्या कामातून २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली. पडद्यावरचा मजकूर ते मराठीतही वाचून दाखवते आणि मी माउसऐवजी कीबोर्डने पुढे सरकतो. बँकेतील नोकरीची शेवटची बरीच वर्षे मी अशाच सॉफ्टवेअरवर काम केले आणि आजही विजेचे बिल स्वतः भरतो. घरपट्टी मात्र मला भरता येत नाही. पान उघडल्यावर 'येथे क्लिक करा' हे शब्द एकामागून एक ऐकू येतात आणि त्यांतला कोणता दुवा कशाचा, याचा काहीही पत्ता लागत नाही. करभरणा अर्जातील चौकटीवर गेलो की 'एडिट, ब्लँक' एवढेच ऐकू येते, कारण शेजारी छापलेले 'मिळकत क्रमांक' हे शब्द त्या चौकटीला आतून जोडलेलेच नाहीत. डोळस माणसाला ते शेजारी दिसतात म्हणून त्याचे अडत नाही. अंदाजाने सगळे भरले तरी शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र येते, ती अक्षरे ओळखून लिहायची असतात आणि ऐकण्याचा पर्याय ठेवलेला नाही. तेथे माझा रस्ता संपतो.

ए-७०२ : काका, आपली अडचण खरी आहे. तरीही घरात सूनबाई आहेत, आम्ही शेजारी आहोत, कोणीही पाच मिनिटांत भरून देईल, आणि नागरी सुविधा केंद्रही आहेच. मोजक्या लोकांसाठी महापालिका एवढा खर्च करील का, आणि या मुद्द्यामुळे इतरांच्या तक्रारी मागे पडतील का, अशी मला शंका वाटते. राग मानू नये.

डी-१०३ : राग मुळीच नाही, उलट हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. भरून देणाऱ्याला मला कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी सांगावा लागतो, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये हे मी स्वतः काउंटरवर बसून ग्राहकांना बजावत आलो आहे. शिवाय प्रश्न केवळ पैसे भरण्याचा नाही. पाणी कधी बंद राहणार, रस्तारुंदीकरणावर हरकती कोणत्या तारखेपर्यंत घेणार, हे मला कोणी वाचून दाखवीपर्यंत अनेकदा मुदत उलटून गेलेली असते. म्हणजे कर भरणारा नागरिक म्हणून मी आहे, हरकत घेणारा नागरिक म्हणून नाही. राहिला संख्येचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळी अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. मोतीबिंदू किंवा थरथरणारे हात असलेले ज्येष्ठ नागरिक यातल्या कोणत्याच यादीत बहुधा नसतात.

ई-४०१ : थरथरणाऱ्या हातांचे मी सांगते. आमच्या यांना कंपवात आहे. जन्मतारीख निवडायला जे इवलेसे कॅलेंडर उघडते, त्यात वर्ष मागे नेण्यासाठी बारीकसा बाण दाबत राहावे लागते. ७५ वर्षे मागे जाता जाता बोट दुसरीकडे पडते, सगळा अर्ज पुसला जातो किंवा 'वेळ संपली' असा संदेश येतो. तारीख टाइप करू दिली तर यांचे यांना जमेल. आमच्या भाचीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी तक्रार विभागाचा केवळ दूरध्वनी क्रमांक देऊन काय उपयोग? एसएमएस किंवा ईमेलची सोय हवी आणि महापालिकेच्या माहितीपर चित्रफितींखाली मजकूर हवा.

सी-२०४ : माझे काम संकेतस्थळांच्या चाचणीचेच असल्याने दोन गोष्टी मांडतो. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या 'एए' पातळीवर आधारलेली आहे. त्यात मोघम काही नाही. उदाहरणार्थ, साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातील उजेडाचा फरक किमान ४.५ : १ हवा, म्हणजे पांढऱ्यावर फिकट केशरी अक्षरे चालणार नाहीत. प्रत्येक चौकटीला नाव जोडलेले हवे, प्रत्येक बटण कीबोर्डने दाबता यायला हवे आणि अर्थ सांगणाऱ्या प्रत्येक चित्राला शब्दांत पर्याय हवा. या गोष्टी बांधणीच्या वेळीच केल्या तर वेगळा असा मोठा खर्च येत नाही; संकेतस्थळ सुरू झाल्यावर दुरुस्त करायला घेतल्या तर मात्र येतो. त्यामुळे ए-७०२ यांच्या खर्चाच्या शंकेचे उत्तर निविदेच्या अटींमध्ये आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ठेकेदार बहुधा कोपऱ्यात 'अ+ अ−' आणि व्हीलचेअरचे चित्र असलेली पट्टी बसवतील आणि काम झाले म्हणून दाखवतील. त्या पट्टीने अक्षरे मोठी होतात, रंग उलटतात. पण बिननावाची चौकट बिननावाचीच राहते. जिन्याला रंग दिला म्हणून त्याचा रॅम्प होत नाही. खरी अडचण तर कागदपत्रांत आहे. परिपत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि मग स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायचे, अशी कार्यालयांची पद्धत असते; ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यात वाचण्यासारखे एक अक्षरही नसते. (आपल्या सभेची सूचनाही लेटरहेडचा फोटो काढूनच या ग्रुपवर येते, हे जाता जाता सांगतो.) काही फाइली टाइप केलेल्या असल्या तरी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, म्हणजे युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या. पडद्यावर आपल्याला मराठी दिसते, पण आत साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि काकांचे सॉफ्टवेअर तेच वाचते. संकेतस्थळ कितीही उत्तम बांधले तरी लिपिकाने रोज असेच कागद चढवले तर सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

डी-१०३ : हे शंभर टक्के खरे आहे. तशी फाइल उघडल्यावर जे ऐकू येते त्याला मराठी म्हणता येत नाही, इंग्रजीही म्हणता येत नाही.

ए-१०१ : वकील म्हणून कायद्याची बाजू मांडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहिती सर्वांना वापरता येईल अशी असावी, असे म्हटले आहे, आणि कलम ४६ ने सरकारी व खाजगी सेवा देणाऱ्यांना नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर, जी त्यांनी २००५ मध्ये केली होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या याच नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला बंधनकारक मानके अपेक्षित असताना नियम मात्र केवळ शिफारशीवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, हे त्याचे कारण. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. त्यामुळे आपण निवेदन न देता सरळ नोटीस द्यावी आणि दाद न मिळाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जावे, असे माझे मत आहे.

बी-५०१ : महापालिकेकडे दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखीव असतो ना? त्यातूनच हे काम करा, असे सुचवावे का?

ए-१०१ : कृपया ते लिहू नये. तो निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी आहे. संकेतस्थळ सर्वांचे आहे, तेव्हा त्याचा खर्च संकेतस्थळाच्याच निविदेतून व्हावा.

डी-१०३ : वकीलसाहेबांचा मुद्दा कायद्याने बरोबर आहे, पण नोटीस गेली की ती विधी विभागात जाऊन बसते आणि ज्या अभियंत्याने चौकटीला नाव द्यायचे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आत्ता त्यांनी आपणहून सूचना मागवल्या आहेत. निविदेत शब्द घालून घेण्याची हीच वेळ आहे. नोटीस नंतरही देता येईल.

ए-७०२ : मला हे पटते. एकच विनंती, मागण्या थोडक्या आणि तपासून पाहता येतील अशा असाव्यात. 'संकेतस्थळ दिव्यांगस्नेही करावे' असे लिहिले तर 'होय, केले' एवढेच उत्तर येईल.

सचिव : सर्वांच्या सूचनांवरून मसुदा टाइप करून देत आहे.

'मा. आयुक्त यांस, सविनय निवेदन. नव्या संकेतस्थळावरील मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले आणि तक्रार नोंदणी या चार सेवा केवळ कीबोर्ड आणि पडदावाचक सॉफ्टवेअर वापरून सुरुवातीपासून पावतीपर्यंत पूर्ण करता याव्यात. चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या अटीला पर्याय असावा. तारीख टाइप करता यावी आणि वेळ संपण्यापूर्वी ती वाढवून मिळावी. प्रत्येक जाहीर सूचना युनिकोडमधील मजकुराच्या रूपात प्रसिद्ध करावी, सही-शिक्क्याची स्कॅन प्रत हवी तर सोबत जोडावी. तक्रार विभागाशी लेखी संपर्काची सोय असावी. वरील बाबी केंद्र शासनाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निविदेच्या अटींमध्ये समाविष्ट कराव्यात.'

डी-१०३ : मसुदा स्वतः वाचला, उत्तम आहे. शेवटी एक वाक्य वाढवावे : 'ठेकेदाराचे अंतिम देयक देण्यापूर्वी दृष्टिहीन, कर्णबधिर आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या नागरिकांकडून या सेवांची चाचणी करून घ्यावी व तिचा अहवाल प्रसिद्ध करावा.' चाचणीसाठी मी विनामूल्य यायला तयार आहे, हेही लिहायला हरकत नाही.

ई-४०१ : आमचे हेही येतील.

सचिव : दोन्ही गोष्टी घातल्या आहेत. सह्यांसाठी प्रत उद्या संध्याकाळी सहापासून कार्यालयात ठेवली जाईल. सी-२०४ यांनी तांत्रिक भाग त्याआधी एकदा नजरेखालून घालावा.