मदत हवी आहे: जुन्या हवाई छायाचित्रात 'सरकलेली' पायवाट

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला यंदा पहिल्यांदाच जुनी हवाई छायाचित्रं घेतली. नदीचं पात्र, झाडोरा, वाटा किती बदलल्या ते मुलांनी स्वतः मोजावं, एवढाच हेतू. कृष्णधवल, 23 सेंमी चौरस फिल्मचे स्कॅन आहेत. कॅमेऱ्याची फोकल लेंथ (भिंग ते फिल्म अंतर) 152 मिमी, विमान टेकडीच्या पायथ्यापासून 3,800 मीटर उंचीवर, म्हणजे प्रमाण 1:25,000.

मजा आली, खोटं कशाला बोलू! एकीला दऱ्यांच्या जागी डोंगर दिसत होते. सावल्या तिच्या बाजूला पडतील असा फोटो फिरवून दिला, तेव्हा कुठे दऱ्या खोल गेल्या.

घोळ पुढे झाला. एका गटाने क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आजच्या उपग्रह प्रतिमेवर बसवला आणि लिहून मोकळे झाले: टेकडीवरची पायवाट 100 मीटर सरकली, कारण भूस्खलन. मी हटकलं तर म्हणे, "मॅडम, एरर तर सहाच मीटर आलीय." कंट्रोल पॉइंट (दोन्ही प्रतिमांत जुळवलेल्या ओळखीच्या जागा) सगळे सपाटीवरचे, टेकडीवर एकही नाही, म्हणजे ती एरर सपाटीपुरतीच!

अजून तीन-तीन तासांची दोन प्रात्यक्षिकं हातात आहेत. ऑर्थोफोटो (उंचसखलपणामुळे आलेलं सरकणं काढून टाकलेला फोटो) करणं त्यात बसणार नाही. सपाट भाग तेवढाच कापून देऊ का? तसं करणं जिवावर येतंय.

प्रतिसाद १
अजिबात कापू नका. त्यांच्याच हातात पट्टी द्या. उंच जागा फोटोत केंद्रापासून बाहेरच्या बाजूला सरकलेली दिसते: केंद्रापासूनचं अंतर गुणिले जागेची उंची भागिले विमानाची उंची, एवढी. पायवाट फोटोच्या केंद्रापासून किती लांब आहे? समजा 80 मिमी, आणि टेकडी 190 मीटर उंच. 80 गुणिले 190 भागिले 3,800, म्हणजे 4 मिमी. जमिनीवर 100 मीटर. भूस्खलन तिथेच संपलं.
मग त्याच उड्डाणातला शेजारचा फोटो द्या. दोन फोटोंत 60 टक्के भाग सामाईक (ओव्हरलॅप) असेल तर केंद्र 92 मिमी पुढे जातं. टेकडी उड्डाणाच्या रेषेत त्याच बाजूला असेल, तर पायवाट नव्या केंद्रापासून साधारण 17 मिमीवर येते आणि सरकणं जेमतेम 21 मीटर उरतं, तेही उलट दिशेला. एकाच उड्डाणात काही सेकंदांत वाट दोन ठिकाणी कशी, हे त्यांनाच विचारा.

प्रतिसाद २
वरच्याला +१. शिवाय चार-पाच ओळखीच्या जागा कंट्रोल पॉइंटमध्ये न घेता तपासणीला राखून ठेवायला सांगा, त्यातल्या दोन तरी टेकडीवर. आणि नदीची रुंदी मोजण्याआधी दोन्ही प्रतिमांचा महिना बघा. पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं पाणी ताडून 'पात्र आटलं' असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. पाण्याची कड सोडा, काठावरच्या कायमच्या झाडोऱ्याची कड घ्या.

धागाकर्ती
दोघांचे आभार. शेजारचा फोटो सापडला! पण स्कॅन करताना कुणीतरी कडा छाटल्यात, केंद्र काढायच्या कडेवरच्या खुणा गायब. केंद्र कसं काढू?

प्रतिसाद १
चारही बाजू सारख्या छाटल्या असतील तर कर्ण काढून चालेल. नसतील तर पूर्ण फ्रेमचा स्कॅन पुन्हा मागवा, अंदाजाने केंद्र धरू नका.