टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय, पहिल्यांदाच घरी बदलायचंय, कुठे चुकू शकतं?

पहिलापाना
नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल, चार सिलेंडर, वय झालंय पण इंजिन अजून छान चालतं. गेले दोनेक महिने गाडी चालवून आलो की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो, आणि थांबल्यावर तर एसीतून आत पण येतो. टॉर्च मारून बघितलं तर मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत), टॅपेट कव्हर (इंजिनचं सगळ्यात वरचं झाकण) हेडवर (इंजिनचा वरचा भाग) जिथे बसतं त्या सांध्याखाली सगळं काळं चिकट झालंय, त्यावर धुळीचा थर. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपासून निम्म्यावर आलं होतं, मी भरून घेतलं. गाडी गरम होत नाही, कुलंट जागच्या जागी आहे.

आजवर मी फक्त एअर फिल्टर आणि बॅटरी बदललीय, इंजिनचा एकही बोल्ट खोललेला नाही. पण हे काम मला स्वतःच शिकायचंय. सॉकेट सेट आहे, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला क्लिक देणारा पाना) नाही. विचारायचं असं की ऑइल आधी काढून टाकायला लागतं का, नव्या पॅकिंगला सिलिकॉन लावायचं की नाही (दोन व्हिडिओत दोन वेगळी मतं), आणि बोल्ट किती आवळायचे? आणि मुळात नवशिक्याने याला हात लावावा का?

काळेहात
लाव हात, पहिल्या कामासाठी याच्यापेक्षा चांगलं काम सापडणार नाही. ऑइल काढायची गरज नाही, इंजिन बंद असताना ते सगळं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये असतं, वर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) आसपास थोडंसं साचलेलं असतं तेवढंच.

पण खोलायच्या आधी एक दिवस थांब आणि गळती नक्की कुठून आहे ते बघ. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पण पसरतं, त्यामुळे ओलं दिसतं ती जागा गळतीची असेलच असं नाही, नेहमी सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. डिग्रीझर मारून तो भाग पूर्ण स्वच्छ कर (अल्टरनेटर आणि वायरींच्या जोडांवर प्लॅस्टिक बांध), इंजिन थंड आणि कोरडं झालं की सांध्याखाली टाल्कम पावडर भुरभुरव आणि अर्धा तास गाडी फिरवून आण. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. मी एकदा हे न करता टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं आणि तेल येत होतं बाजूच्या कॅम सेन्सरच्या ओ रिंगमधून, पूर्ण रविवार गेला आणि गळती जशीच्या तशी.

आणि हेड गॅस्केट वेगळं, ते हेड आणि ब्लॉकच्या (सिलेंडर असलेल्या खालच्या भागाच्या) मध्ये असतं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, कुलंट कमी होणं, गाडी तापणं, यातलं काही असतं तर मी तुला थांब म्हटलं असतं, कारण त्यात हेड उतरवणं आलं, टायमिंग (कॅम आणि क्रँकचा मेळ) परत जुळवणं आलं, हेड वाकलंय का ते तपासणं आलं. तुझ्यात यातलं काहीच दिसत नाही.

जळका वास येतोय म्हणजे तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलेंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या गरम पाइपांवर) पडतंय, तेव्हा हे काम लांबवू नकोस, तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल साचत गेलं तर पेट घेऊ शकतं.

आटेवाला
बोल्टांबद्दल मी बोलतो कारण तिथेच माझं नुकसान झालंय. हे बोल्ट बहुतेक गाड्यांत एम ६ असतात, १० नंबरचा सॉकेट लागतो, आणि त्यांना लागतं साधारण ८ ते १० न्यूटन मीटर, तुझ्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. हे फार कमी आहे रे, हाताला वाटतं अजून एक पीळ बसेल, आणि तोच पीळ ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. माझ्या बाबतीत बोल्ट आधी घट्ट लागला, मग अचानक मऊ झाला आणि नुसताच फिरायला लागला, तो मऊपणा हाताला अजून आठवतो. नंतर भोक मोठं करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायला लागली.

टॉर्क रेंच मागून आण पण छोटा, पाव इंच ड्राइव्हचा. चाकांच्या नटांचा मोठा रेंच चालणार नाही, त्याची सुरुवातच बऱ्याचदा २० नाहीतर ४० पासून असते, एवढ्या खाली तो क्लिक देतच नाही आणि आपण आवळत बसतो. एकक पण नीट वाच, १० न्यूटन मीटर म्हणजे जवळपास ८९ इंच पौंड, कुणी ते ८९ फूट पौंड समजून आवळलं तर बोल्ट मुंडक्यापासून तुटणारच.

सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवून पूर्ण आत घाल, बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागतायत, मागे काढ. मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळ. एका टोकाकडून घट्ट करत गेलास तर कव्हर तिरकं बसतं आणि पॅकिंग एका बाजूने चेपतं. बऱ्याच कव्हरांच्या बोल्टांना खांदा असतो, म्हणजे ठराविक खोलीला बोल्ट टेकतो आणि थांबतो, ते थांबणं हाताला कळलं की बास.

वंगणप्रेमी
सिलिकॉनचं उत्तर: दोन्ही व्हिडिओ अर्धे बरोबर. रबराचं पॅकिंग खाचेत कोरडंच बसतं, त्याच्या संपूर्ण कडेला सिलिकॉन फासायचं नाही, एकतर त्याने पॅकिंग आवळताना सरकतं, आणि आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून तेलात पडतं आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. जाळी तुंबली की तेलाचा दाब कमी, मग बेअरिंगं जातात. एका छोट्या गळतीपायी इंजिन घालवल्यासारखं.

फक्त काही ठरलेल्या जागी थेंब द्यायचा, जिथे टायमिंग कव्हर आणि हेडचा सांधा येतो ते कोपरे, आणि कॅमच्या टोकांना अर्धगोल भाग असेल तर त्याच्या दोन्ही कडा. मॅन्युअलमध्ये या जागा दाखवलेल्या असतात. वाटाण्याएवढा थेंब, लावला की पापुद्रा धरायच्या आत कव्हर बसवायचं, आणि मग ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, मी तरी रात्रभर ठेवतो.

खरं काम सफाईचं आहे, तिथे वेळ घाल. जुनं सिलिकॉन आणि चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीनेच काढ, स्क्रू ड्रायव्हरने खरवडलंस तर हेडवर ओरखडा पडतो आणि नवीन पॅकिंगसुद्धा त्या ओरखड्यातून गळतं. खरवडताना कचरा कॅमवर पडू नये म्हणून आत स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं अंथर. ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पूस, थेट फवारू नकोस.

पहिलापाना
खूप खूप आभार सगळ्यांचे. पावडर मारून बघितली, रेघ मागच्या कोपऱ्यात सांध्यापासूनच सुरू होते. अजून एक, काल एक कॉइल (प्लगवर बसते, ठिणगीला वीज देते ती) उपसून बघितली तर तिच्या रबरी नळीच्या टोकाला तेल होतं आणि रबर फुगून मऊ झालंय. हे पण त्याच पॅकिंगमुळे का?

काळेहात
प्लगच्या विहिरीत तेल आलंय म्हणजे ट्यूब सील गेलेत, प्लगच्या भोवतीच्या गोल रिंगा. काही सेटमध्ये पॅकिंगबरोबर येतात, काहींत वेगळ्या मागवायला लागतात, आणि काही गाड्यांत कव्हरमध्येच दाबून बसवलेल्या असतात, घ्यायच्या आधी तुझ्या गाडीचं बघ. आता कव्हर खोलतोयसच तर त्या बदलल्याशिवाय परत लावू नकोस. आणि विहिरीत तेल असताना प्लग खोलायचा नाही, सगळं सिलेंडरमध्ये जाईल. आधी काडीला फडकं गुंडाळून टिपून घे. रबर फुगलंय ते कॉइलचं बूट पण बदल, नाहीतर मिसफायर सुरू होईल, म्हणजे एखाद्या सिलेंडरात पेट्रोल नीट जळणार नाही.

पीसीव्हीताई
सगळं सांगून झालंय, एक राहिलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह बघ. इंजिनच्या आत साठणारा वायू तो बाहेर काढून इनटेकमध्ये सोडतो, तो तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं, मग नवीन पॅकिंगही लवकर गळायला लागतं. साधा स्प्रिंगवाला असेल तर काढून हलव, आत खडखड आवाज आला पाहिजे, आवाज नसेल तर बदलूनच टाक. होस पण बोटांनी दाबून बघ, जुना असेल तर काढतानाच चिरतो.

आणि दादा, इंजिन पूर्ण थंड असतानाच कर, बॅटरीची मायनस वायर काढ, प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घे, आणि इनटेकचा पाइप काढलास तर त्याचं तोंड लगेच फडक्याने बांध. एक वायसर आत पडला तर तो शोधण्यात दिवस जातो.

पहिलापाना
झालं! काल सकाळी सुरू केलं, दुपार उलटून गेली, पण झालं. जुनं पॅकिंग रबराचं होतं यावर विश्वास बसत नव्हता, खाचेतून काढून वाकवलं तर कट्कन दोन तुकडे, नवीन मात्र बोटाभोवती गुंडाळलं तरी परत सरळ होतं. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढलाय. मागचा कोपऱ्यातला बोल्ट दिसतच नव्हता, लांब एक्स्टेन्शन लावून हाताने चाचपत काढला, आणि तिथेच सगळ्यात जास्त चिकटा होता. पीसीव्ही हलवला तर काहीच आवाज नाही, तोही बदलला. बोल्ट ९ न्यूटन मीटरला, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. दुसऱ्या फेरीत क्लिक यायच्या आधी हात थांबत नव्हता, आटेवाला दादा तुमचा बोल्ट आठवला.

रात्रभर ठेवून आज सकाळी चालू केली. पहिली दहा मिनिटं एक्झॉस्टवरून धूर आला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ते मॅनिफोल्डवर आधीचं साचलेलं तेल जळत होतं, नंतर थांबला. वास गेलाय. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवलाय, संध्याकाळपर्यंत कोरडा आहे.

आटेवाला
पहिल्याच कामात मागचा बोल्ट चाचपून काढलास, शाब्बास! हजारेक किलोमीटर झाले की कोपऱ्यात परत टॉर्च मारून बघ, पण बोल्ट पुन्हा आवळू नकोस, रबराच्या पॅकिंगला ते लागत नाही. पुठ्ठा आठवडाभर राहू दे.