मायलेज वाढवणारी यंत्रं, गोळ्या, बाटल्या: अनुभव येऊ द्या

डिकी आवरताना बाबांच्या जुन्या गाडीतली चुंबकाची जोडी सापडली. पेट्रोलच्या नळीला बांधायची, मग म्हणे रेणू रांगेत उभे राहतात आणि इंधन पूर्ण जळतं. मायलेज वाढलं असं बाबा शपथेवर सांगायचे. तुमच्याकडेही अशी रत्नं असतीलच.

गिअरकाका: पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. आणि "पूर्ण जळतं" म्हणजे काय? धड चालणाऱ्या इंजिनात जवळपास सगळं इंधन जळतंच. नासाडी होते ती उष्णतेची, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून. निम्म्याहून जास्त ऊर्जा तिथेच जाते.

टिचकी: ओबीडी सॉकेटात (गाडीतले बिघाड तपासायचं यंत्र जोडतात ते) खोचायची डबी! मेव्हण्याने हौसेने आणली, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. आत दिवे, एक बटण आणि दिवे लुकलुकवणारी चिप. ईसीयूशी, म्हणजे इंजिनाच्या संगणकाशी, बोलायला लागणारी कॅनची (गाडीतल्या संदेशजाळ्याची) चिप नाहीच. मेव्हणा अजून फुगलेला आहे.

मधलीआळी: 😂😂 दिवे तरी लागले ना

पानाडी: डांबरगोळ्या राहिल्या की! काका टाकीत टाकायचे. मायलेज तेवढंच, गाडीला मात्र कपाटाचा वास.

निशाचर: हायड्रोजन किट. बाटलीतलं पाणी विजेने फोडायचं, वायू इंजिनात सोडायचा. वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरवणार इंजिन, इंजिनाला पेट्रोल. फोडायला लागते तेवढीसुद्धा ऊर्जा परत मिळत नाही, मग बचत कुठ... बाळ उठलं, येते नंतर

गिअरकाका: सरसकट थोतांड म्हणू नका हं. पेट्रोलमध्ये ओतायची पॉलीइथर अमाइनवाली (हे एक सफाईचं रसायन) द्रव्यं इंजेक्टरवरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीवरचा, काजळीचा थर खरंच काढतात. थरामुळे घटलेलं मायलेज परत येतं, इतकंच. स्वच्छ इंजिनात ओतून काही होत नाही.

टिचकी: धागाकर्त्या, बाबा खोटं बोलत नसणार. नवी वस्तू बसवली की माणूस जरा हळू चालवतो, हवा तपासतो, श्रेय चुंबकाला. अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) असली शंभरावर उपकरणं तपासली, लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही.

पानाडी: मायलेज मोजता कसं? आमचा डॅशबोर्ड फार उदार आहे.

गिअरकाका: टाकी फुल टू फुल: फुल करून चालवायची, पुन्हा फुल करायची, किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. आणि एकदा मोजून काही कळत नाही.

मधलीआळी: हवा सकाळी बघायची की फिरून आल्यावर?

टिचकी: टायर थंड असताना. तापले की आकडा चढतो.

मधलीआळी: आणि टायरात हवेऐवजी नायट्रोजन?

गिअरकाका: वेगळा धागा काढ बाबा, इथे मारामारी होईल