सॅम्पल म्हणजे नमुना, वानगी की ठोका?

परभणीचा पोरगा :
राम राम मंडळी. मी घरीच कॉम्प्युटरवर गाणी करायलो, इलेक्ट्रॉनिक धाटणीची. परवा मामाच्या गावी जाऊन हलगी आणि संबळ रेकॉर्ड करून आणले आणि एकेक ठोका वेगळा कापून ठेवला. आता हे कसं केलं ते मराठीत लिहावं म्हणून बसलो, तर पहिल्याच ओळीत अडकलो. अशा कापून ठेवलेल्या ठोक्याला इंग्रजीत 'ड्रम सॅम्पल' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशात 'नमुना' आहे. 'हलगीचे नमुने गोळा केले' असं लिहून आत्याला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "कोण, वाजवणारे का?"

मोंढा :
बाळा, लातूरच्या मोंढ्यात आम्ही ह्याला वानगी म्हणायचो. खरेदीदार पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर सोयाबीन काढतो, तळहातावर पसरतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा बघतो. ती वानगी. आता आडतीवरची पोरंही 'सॅम्पल'च म्हणतात, ते सोड. नमुना फारसीतून आलेला, आणि त्या बिचाऱ्यावर आधीच ओझं फार. तलाठ्याकडे गाव नमुना सात, गाव नमुना बारा, शिवाय गावातले चालते-बोलते नमुने वेगळेच. वानगी मोकळी आहे, ती घे.

डग्गा :
काका, वानगी गोड शब्द आहे, पण इथे बसत नाही. वानगी काढायची ती पोत्यात काय आहे ते कळावं म्हणून. भाव पोत्याचा ठरतो, मुठीचा नाही. ह्या पोराने कापलेला संबळाचा ठोका मात्र कशाचीही साक्ष द्यायला ठेवलेला नाही. तोच माल आहे. उद्या गाण्यात तो दोनशे वेळा वाजेल आणि ज्या गावातून तो आणला त्याचा तिथे मागमूसही नसेल.

गंमत पुढेच आहे. ह्याच धंद्यात 'सॅम्पल'चा आणखी एक अर्थ आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवताना ध्वनिलहरीची उंची एका सेकंदात 44,100 वेळा मोजतात. मोजलेला प्रत्येक आकडाही सॅम्पलच. तिथे तुमची वानगी चपखल बसते, कारण अखंड लहरीतून उचललेल्या त्या चिमटीवरून सगळी लहर पुन्हा उभी करायची असते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा एक ठोका आणि त्यात 22,050 वानग्या. इंग्रजीने दोन्हींना एकच नाव देऊन घोळ घातला, तो आपण कशाला डोक्यावर घ्यायचा?

परभणीचा पोरगा :
सर, मग 'थाप' चालेल का?

डग्गा :
थाप हाताची. हलगी आणि संबळ काडीने वाजतात. आणि अनेकवचन करून बघ : 'माझ्याकडे तीनशे थापा आहेत.' लोक म्हणतील, तुझ्याकडे तेवढ्याच असणार.

बँजोवाला :
लई डोकं लावायलात राव. आमच्या पार्टीत सॅम्पल कुणीच म्हणत नाही. पॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड वाजवणारा, म्हणतो 'टोन'. हलगी टोन, ढोलकी टोन, संबळ टोन. पाहिजे तर विकतही मिळतात, पेनड्राइव्हवर भरून. मी बीडचा, पंधरा वर्षं लग्नाच्या वराती वाजवल्यात, टोन सोडून दुसरा शब्द ऐकला नाही.

कानोसा :
दादा, 'टोन' चालतो हे खरं, पण त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. रोलँड कंपनीच्या जुन्या एसपीडी-20 सारख्या पॅडमध्ये आवाज कंपनीने भरून दिलेले असतात. ते खालीवर करा, एकावर एक चढवा, पण स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज त्यात घालता येत नाही. तिथे तुम्ही जो बनवता तो टोन किंवा पॅच, म्हणजे मांडणी. त्याच कंपनीच्या एसपीडी-एसएक्स पॅडमध्ये बाहेरचा आवाज भरता येतो. तिथे खरं सॅम्पल आलं.

हाच फरक इतिहासातही दिसतो. 1980 साली ड्रमचा ताल वाजवणारी दोन यंत्रं आली. रोलँडच्या टीआर-808 मध्ये एकही खरा ड्रम नाही, सगळे आवाज सर्किटातून घडवलेले. लिन एलएम-1 मध्ये खऱ्या ड्रमचे रेकॉर्डिंग चिपवर साठवलेले. त्या काळी चिपची मेमरी इतकी महाग की एलएम-1 मध्ये मोठी झांज ठेवलीच नाही. तिचा आवाज विरायला फार वेळ घेतो, तेवढी जागा परवडेना. म्हणून मी दोन शब्द वापरतो : 'धरलेला' ठोका आणि 'घडवलेला' ठोका. आज लोक 808 चे आवाजही रेकॉर्ड करून वाटतात, म्हणजे घडवलेला पुन्हा धरलेला झाला. तिथे माझी फोड डळमळते, कबूल.

परभणीचा पोरगा :
आणि दुसऱ्याच्या जुन्या गाण्यातून तुकडा कापून घेतला तर? 'तुकडा' म्हणावं तर तबल्यात तुकडा वेगळा.

बँजोवाला :
त्याला 'उचल' म्हण. आमच्याकडं ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात ती. उचल घेतली की फेडावी लागती.

कानोसा :
क्या बात है. आणि कायद्यालाही धरून आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, चाल आणि शब्द ह्यांचे हक्क त्याहून वेगळे. दोन सेकंदच घेतले, ही सबब नाही. फुकट हवं असेल तर फ्रीसाउंड ह्या वेबसाइटवर शोध, पण प्रत्येक आवाजाखालची परवान्याची ओळ वाच. कुठे श्रेय द्यावं लागतं, कुठे पैसे कमवायला मनाई असते.

डग्गा :
'उचल' मी आजपासून वापरणार. पोरा, एक सांग, कापताना ठोक्याची आस ठेवलीस का? आस म्हणजे ठोका पडून गेल्यावर जो आवाज रेंगाळतो तो. सॉफ्टवेअरवाले त्याला टेल, डिके असं काहीबाही म्हणतात. आपल्या वादकांकडे पिढ्यान्‌पिढ्या शब्द आहे. आणि डग्ग्याची आस घुमली की तो घुमारा.

परभणीचा पोरगा :
नाही सर, फाइल लहान व्हावी म्हणून आस तोडली. आता सगळे ठोके टचटच वाजायलेत.

डग्गा :
आस तोडू नये रे, कुणाचीच. पुन्हा कापून घे. सुरुवात अगदी ठोक्याला लागून, लहर शून्यावर असेल तिथे, नाहीतर 'टक्' असा कचरा येतो. शेवट मात्र आपोआप विरू दे.

तुळजापूरची ताई :
आमच्या घरात गोंधळाची परंपरा आहे म्हणून बोलते. संबळ म्हणजे एक वाद्य नाही, जोडी आहे. लहान चढ्या आवाजाचं, मोठं खर्जाचं, आणि एका काडीचं टोक वाकडं. तू नुसतं 'संबळ' नाव देऊन दोन्ही एकाच डब्यात टाकलं असशील तर आधी वेगळं कर. हलगी तापवून घेतली होतीस का? गार हलगी उतरते, शेकली की चढते. एकच हलगी, दोन आवाज. कॉम्प्युटरवर वेग कमी करून ठोका खाली ओढलास तर तो लांबतोही, निम्म्या वेगाने दुप्पट लांब. उतरलेल्या हलगीची सर त्याला येत नाही.

आणि एकेक ठोका चार-पाच वेळा घेत जा भावा, हळू, मध्यम, जोरात. एकच ठोका पुन्हापुन्हा वाजवला की शिवणाचं मशीन चालल्यासारखं वाटतं. वाजवणाऱ्याचे दोन ठोके कधी सारखे नसतात.

मोंढा :
ताई, माझी वानगी गेली म्हणायची तर.

डग्गा :
गेली कुठे काका, सेकंदाला 44,100 आहेत.

परभणीचा पोरगा :
ठरलं मग. एकेकटा ठोका तो 'सुटा ठोका', किराणा दुकानात सुटा माल असतो तसा. फिरून फिरून वाजतं ते आवर्तन, पण ते सम धरून येत असेल तरच, नाहीतर सरळ 'लूप'. सॅम्पल हा शब्दही ठेवतो, पॅडवाल्या मित्रांना दुसरं काही कळणार नाही. रविवारी पुन्हा मामाकडं चाललोय. मागच्या वेळी पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड केलं, सगळ्या ठोक्यांत पत्रा वाजायला. ह्या वेळी मामीच्या चार वाकळी भिंतींवर टांगणार. फायलींची नावं अशी ठेवायलो : हलगी_तापलेली_सुटा_जोरात_03. ताई, मोठ्या संबळाला तुमच्या घरी वेगळं नाव आहे का?

तुळजापूरची ताई :
वडलांना विचारून सांगते. ते आता जागरणाला गेलेत.