कर्द्याच्या किनाऱ्यावर सोन्याची वेढणी हरवली आहे. मेटल डिटेक्टर चालवायला परवानगी लागते का?

अनघा_डोंबिवली

नमस्कार. होळीला आम्ही दापोलीजवळ कर्द्याला गेलो होतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला मुलांबरोबर पाण्याच्या कडेला बॉल खेळताना माझ्या बोटातली वेढणी पडली. आजेसासूबाईंची होती, त्यांनी लग्नात स्वतःच्या हाताने घातलेली. अंधार पडेपर्यंत वाळू चाळली, नाही मिळाली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

ह्यांच्या एका मित्राकडे मेटल डिटेक्टर आहे, तो द्यायला तयार आहे. पण सार्वजनिक किनाऱ्यावर असं मशीन फिरवलेलं चालतं का? कोणाला विचारायचं? दुसऱ्याची वस्तू सापडली तर काय करायचं? आणि मुलगा आठवीत आहे, त्याला मशीन घेऊन सुवर्णदुर्गावरही जायचंय. तिथे चालेल का?

जुना_कारकून

अनघाताई, तहसीलमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच किनाऱ्यावरच्या गावांत. जे सांगतो ते नीट लक्षात ठेवा.

भरतीच्या रेषेखालची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे राज्य शासनाची आहे. म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहा: काय हरवलं, कधी, कुठल्या पट्ट्यात शोधणार, कोणत्या दिवशी, बरोबर कोण. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस ठाण्यात. दोन्हीकडे पोच घ्या आणि पोच खिशात ठेवा. वेढणीचा फोटो असेल तर जोडा.

पोलीस कशाला, असं वाटेल. आपल्या या किनाऱ्यावर १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत एके-४७ सापडल्या. पहाटे अंधारात कोणी यंत्र घेऊन वाळूत फिरताना दिसलं तर गावकरी आधी ठाण्यात फोन करतात, आणि बरोबरच करतात.

दुसऱ्याची वस्तू सापडली तर ती ठेवून घ्यायची नाही. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. ठाण्यात जमा करा, पावती घ्या.

जमिनीत पुरलेलं जुनं काही निघालं, नाणी, दागिने, भांडं, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये हा आकडा १८७८ चाच आहे. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. उलट कळवणाऱ्याला कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही. मूळ मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. शासनाला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन शासन घेतं.

वाट_गडाची

ताई, वेढणी मिळो ही मनापासून इच्छा. पण सुवर्णदुर्गावर मशीन अजिबात नेऊ नका. बॅगेत बंद करूनसुद्धा नको.

सुवर्णदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत तो आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणणं हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्ही काही जण दर महिन्याला गडांवर साफसफाईला जातो. मागच्या हिवाळ्यात एका गडावर, देवळाच्या मागे, कमरेइतका खड्डा दिसला. कडेला कापलेली लिंबं, हळदकुंकू, आणि खणताना बाहेर फेकलेली खापरं. एक खापर मी हातात घेतलं. आतून काजळी धरलेली होती, म्हणजे कोणाच्या तरी चुलीवरचं भांडं. ते कोणत्या थरात होतं, शेजारी राख होती का, धान्य होतं का, हे आता कधीच कळणार नाही. गुप्तधन तर कोणाला मिळालं नाहीच. तिथे शिबंदी काय रांधून खात होती, हे सांगणारी जागा मात्र गेली.

शिवराई नाण्याचंही तसंच. बाजारात ती तांब्याचा एक तुकडा. पण तटाच्या पायाच्या थरात जागेवर सापडली, तर तो तट कधीचा हे ती सांगते. मशीन फक्त धातू दाखवतं, थर दाखवत नाही. मुलाला हे समजावून सांगा, आठवीतल्या मुलाला नक्की कळतं. त्याला गडावर मोकळ्या हाताने न्या, महादरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती दाखवा.

केंटमधली_मीनल

मी इंग्लंडमध्ये असते, इथे हा छंद खूप जणांना आहे. क्राउन इस्टेटच्या (राजसत्तेच्या जमिनी सांभाळणारी संस्था) ताब्यातल्या किनाऱ्यांवर वेगळा परवाना न काढता मशीन चालवता येतं. बाकीचे किनारे आणि बागा ज्यांच्या, त्यांना विचारावं लागतं. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये तर बंदीच. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय मशीन चालवणं हाच गुन्हा, काही सापडो न सापडो. कायद्याने जो 'खजिना' ठरतो तो १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे इथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवायचा. सगळे नियम एकीकडे, पण इथे प्रत्येक जण एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: खणलेला खड्डा बुजवूनच पुढे जायचं. तुम्हीही पाळा.

हर्णैचा_तांडेल

ताई, परवानगीचं काकांनी सांगितलंच. मी जागेचं सांगतो, कारण तुम्ही भलतीकडे शोधाल अशी मला भीती आहे.

आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. होळी म्हणजे पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती आणि साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. तुम्ही साडेपाचला पाण्याच्या कडेला होतात. त्यात पौर्णिमेचं उधाण, पाणी सगळ्यात लांब गेलेलं. म्हणजे वेढणी सुरूच्या बनाजवळच्या कोरड्या वाळूत नाही. ती अगदी खाली आहे, जिथली वाळू सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी ओसरतं तेव्हा, उघडीच पडत नाही. मधल्या वारी गेलात तर तिच्यावर कमरेभर पाणी असेल.

तेव्हा हनुमान जयंतीला या. तीही पौर्णिमा. पहाटे पाचला वाळूवर उभ्या राहा, सातनंतर पाणी चढायला लागेल. त्या दिवशीचे फोटो आणा. फोटोत मागे एखादं झाड आणि त्याच्याही मागे घराचा कोपरा दिसत असेल, तर ती दोन्ही एका रेषेत येईपर्यंत चालत जा. आम्ही समुद्रात जाळ्याची जागा अशीच धरतो.

मित्राचं मशीन एकाच फ्रीक्वेन्सीचं असेल तर खाऱ्या ओल्या वाळूत उगाच ओरडत राहील. सेन्सिटिव्हिटी कमी करा, तबकडी वाळूला समांतर आणि हळू फिरवा. हलक्या सोन्याचा आवाज कॅनच्या झाकणासारखाच येतो, म्हणून झाकण समजून एकही आवाज सोडू नका. दोरी लावून पट्टे आखा.

आणि वरच्या कोरड्या वाळूत फावडं लावू नका. कासवांची घरटी तिथेच असतात आणि या दिवसांत पिल्लं निघतात. कुठे जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून जा. पावसाळ्याआधी काय ते करा, जूनच्या लाटा सगळी वाळू ओढून नेतात.

अनघा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. हनुमान जयंतीला जाऊन आलो. दोन्ही पोचा घेतल्या होत्या. पहाटे गस्तीवरचे हवालदार आले, कागद बघितला आणि स्वतःची बॅटरी धरून अर्धा तास थांबले.

फोटोतलं सुरूचं झाड आणि मागची कौलाची पाखी एका रेषेत आणली, तर आम्ही होळीच्या रात्री शोधलं होतं त्याहून जवळजवळ साठ पावलं खाली निघालो! दोन दिवसांत बाटल्यांची झाकणं ४१, तीन खिळे, एक गळ आणि चांदीचं एक जोडवं. जोडवं ठाण्यात जमा केलं. वेढणी अजून नाही. आखलेल्या पट्ट्यांतले सहा झाले, पाच राहिले.

सुवर्णदुर्गावर मशीन न नेता गेलो. चिरंजीव पायरीवरच्या कासवापाशी वही घेऊन बसले, बोट सुटायची वेळ झाली तरी उठेनात.

तांडेलदादा, अमावस्येलाही पाणी तितकंच लांब जाईल ना? त्या दिवशी शनिवार आहे. राहिलेले पाच पट्टे तेव्हाच करावे म्हणते. तुम्ही किनाऱ्यावर असाल का?

हर्णैचा_तांडेल

जाईल. साडेपाचला या, मी आणि धाकटा भाऊ दोघंही येतो. फोटो परत आणा.