कार्यालयातील संगणकाचा आवाज आणि गच्चीची गळती

शुक्रवार

बी-७०४ (रात्री ९:१०):
सर्व सभासदांना नमस्कार. आज संध्याकाळी जे घडले ते पुन्हा घडू नये, म्हणून लिहीत आहे. बांधकाम तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आपल्यासाठी पाऊण तास राखून ठेवला होता. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते, गच्चीचा उतार कोठे चुकला आहे हे ते कागदावर रेघा ओढून दाखवत होते, आणि सभागृहातील २२ माणसांना त्यातले एक अक्षरही ऐकू येत नव्हते. शेवटी सचिवांच्या मोबाइलवर दहा मिनिटे ऐकले, तेही पहिल्या दोन रांगांनी. माझ्या शयनगृहाच्या छतातून पाणी ठिबकण्याचा हा तिसरा पावसाळा आहे. कार्यालयातील संगणकाचा आवाज मंगळवारपासून बंद आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी बैठकीपूर्वी ते का सांगितले नाही?

सचिव, सी-३०२ (रात्री ९:२६):
काकू, झालेल्या गैरसोयीबद्दल समितीच्या वतीने क्षमा मागतो. मंगळवारी जुना मॉनिटर बदलून नवा लावला आणि त्याच दिवसापासून आवाज बंद आहे. दोन्ही स्पीकर मी माझ्या मोबाइलला जोडून पाहिले, ते उत्तम वाजतात. गुरुवारी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले होते. त्याने पाच मिनिटे पाहून मदरबोर्डवरची साउंड चिप गेली आहे, वेगळे कार्ड घालावे लागेल, २,२०० रुपये होतील, असे सांगितले. खर्चाला मंजुरी घ्यावी की नाही, या विचारात दोन दिवस गेले, हे मान्य करतो.

ए-२०१ (रात्री ९:३१):
मी मागील वार्षिक सभेतही हे स्पष्टपणे मांडले होते. विंडोज परत टाकावे, ही नम्र विनंती.

ए-७०२ (रात्री ९:३८):
आवाज नसला तर निदान आपल्या सभा तरी शांततेत होतील.

बी-७०४ (रात्री ९:४०):
भाऊ, आपल्या घरातही गच्चीचेच पाणी येते. हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही.

ए-७०२ (रात्री ९:४४):
क्षमस्व, काकू. तसा हेतू नव्हता.

सी-५०४ (रात्री १०:०५):
ऐरोलीहून आत्ता घरी पोहोचले. संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली मीच बसवली होती, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. सचिवकाका, अभियंत्यांना आपले बोलणे ऐकू जात होते का?

सचिव, सी-३०२ (रात्री १०:०९):
हो. काकूंचा प्रश्न ऐकून त्यांनी मान हलवली आणि लगेच कागदावर काढायला घेतले.

सी-५०४ (रात्री १०:२२):
म्हणजे कॉल आणि इंटरनेट दोन्ही ठीक होते. आपला आवाज वेबकॅममधील माइकमधून यूएसबीने आत येतो, तर समोरच्या माणसाचा आवाज मदरबोर्डवरच्या साउंड चिपमधून मागच्या हिरव्या सॉकेटवाटे स्पीकरपर्यंत जातो. या दोन वाटा वेगळ्या आहेत, आणि बिघाड दुसऱ्या वाटेवर आहे. जुना मॉनिटर व्हीजीए केबलवर होता आणि त्या केबलमधून फक्त चित्र जाते. नवा एचडीएमआयवर आहे, ज्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. संगणकाला नवी वाट दिसल्यावर त्याने आवाज मॉनिटरकडे वळवला असावा, आणि आपल्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. उद्या सकाळी दहा वाजता कार्यालयात बसून पाहते. तोपर्यंत कोणतेही कार्ड विकत घेऊ नये, ही विनंती.

ए-२०१ (रात्री १०:२८):
विंडोजवर सात वर्षे असा प्रश्न एकदाही आला नव्हता. विंडोज परत टाकावे, ही नम्र विनंती.

सी-५०४ (रात्री १०:४७):
काका, आपल्या मताचा आदर आहे. परंतु विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या संगणकात चौथ्या पिढीचा आहे. त्या वेळी समितीपुढे दोनच पर्याय होते, नवा संगणक घेणे किंवा आहे त्यावर सुरक्षित अपडेट मिळणारी दुसरी प्रणाली बसवणे. सभासदांची कागदपत्रे ज्या संगणकात आहेत, तो अपडेटशिवाय चालवणे मला योग्य वाटले नाही, आणि आजही वाटत नाही. आवाजापुरते सांगायचे, तर लिनक्सच्या गाभ्यात साउंड कार्ड चालवणारी अल्सा ही व्यवस्था डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून आहे. हे काही काल-परवाचे काम नाही.

शनिवार

बी-१०३ (सकाळी ८:१५):
इंटरनेटवर उपाय सापडला आहे. टर्मिनल उघडून चार आज्ञा द्यायच्या, पल्सऑडिओ पूर्ण काढून टाकायचे आणि पुन्हा बसवायचे. मी आत्ता जाऊन करू शकतो, किल्ली माझ्याकडे आहे.

सी-५०४ (सकाळी ८:१७):
दादा, कृपया करू नका. आपल्याकडे मिंट २२ आहे आणि त्यात आवाजाची वाटणी पल्सऑडिओ नव्हे, पाइपवायर करते. तो उपाय जुन्या आवृत्तीचा आहे. शिवाय अशा आज्ञेसरशी एक पॅकेज काढताना त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेही निघतात, कधी कधी सगळा डेस्कटॉपच निघून जातो. आधी बिघाड कोठे आहे ते पाहू.

बी-१०३ (सकाळी ८:२०):
मदत करायला गेले की आपल्या सोसायटीत असेच ऐकावे लागते.

सचिव, सी-३०२ (सकाळी ८:२४):
आपल्या तळमळीबद्दल कोणालाही शंका नाही. किल्ली फक्त ताईंकडे द्यावी.

सी-५०४ (सकाळी १०:३५):
पाहणी सुरू केली आहे. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुटच्या यादीत ‘एचडीएमआय’, ‘हेडफोन्स’ आणि ‘लाइन आउट’ (म्हणजे मागचे हिरवे सॉकेट) अशी तीन नावे दिसतात, आणि निवड खरोखरच एचडीएमआयवर होती. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे असते, तर मदरबोर्डची नावे येथे आलीच नसती. एकही कार्ड सापडले नाही की यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसते. टर्मिनलमध्येही दोन कार्डे दिसतात, एक एचडीएमआयचे आणि एक मदरबोर्डचे. चिप संगणकाला ओळखू येते आहे. मी आता ‘लाइन आउट’ निवडले.

बी-७०४ (सकाळी १०:३७):
मग आवाज आला का?

सी-५०४ (सकाळी १०:४१):
नाही, काकू. गाणे लावल्यावर आवाजाची पट्टी पडद्यावर हलते, म्हणजे पाइपवायरपर्यंत आवाज पोहोचतो. स्पीकर मात्र शांत आहेत. प्लग हिरव्या सॉकेटमध्येच आहे, गुलाबी किंवा निळ्यात गेलेला नाही, हे दोनदा पाहिले.

ए-२०१ (सकाळी १०:५०):
विंडोज परत टाकावे, ही नम्र विनंती.

सी-५०४ (सकाळी ११:२०):
ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट बसवले होते, त्यावरून संगणक तात्पुरता सुरू करून पाहिला. तेथे सगळ्या सेटिंग्ज कोऱ्या असतात, त्यामुळे आपल्याकडून काही बिघडले असेल तर तेथे आवाज यायला हवा. तेथेही ‘लाइन आउट’ निवडले आणि तेथेही आवाज आला नाही. खरे सांगायचे तर आता मलाही चिपबद्दल शंका येऊ लागली आहे.

ए-२०१ (सकाळी ११:२४):
दुरुस्तीवाला हेच सांगत होता. तीन दिवस वाया गेले. २,२०० रुपयांवर अडून बसायचे आणि वर अभियंत्यांचा वेळ फुकट घालवायचा, हा कुठला हिशेब? मी खजिनदार असताना असे होऊ दिले नसते.

सचिव, सी-३०२ (सकाळी ११:२९):
आपण खजिनदार असतानाच हे स्पीकर पावतीशिवाय घेतले होते, काका. तो विषय आज काढायचा नव्हता.

ए-२०१ (सकाळी ११:३१):
पावती फाईलमध्ये आहे. फाईल उघडून पाहण्याचे कष्ट घ्यावेत.

ए-६०३ (सकाळी ११:४०):
मी दूरध्वनी खात्यात ३४ वर्षे वायरींच्याच मागे होतो, म्हणून एक शंका विचारतो. ताई, तुमच्या १०:३५ च्या संदेशात यादीत ‘हेडफोन्स’ असे नाव आहे. कार्यालयात हेडफोन लावलेला आहे का?

सी-५०४ (सकाळी ११:४२):
नाही, आजोबा. पुढच्या बाजूला काहीही लावलेले नाही.

ए-६०३ (सकाळी ११:४६):
मग संगणकाला तो कोठून दिसला? माझ्या घरच्या संगणकात हेडफोन काढला की ते नाव यादीतून जाते. सॉकेटमध्ये पिन गेली की आतली एक छोटी पट्टी सरकते आणि त्यावरून त्याला कळते. पुढच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहा. मी खाली येत आहे.

सी-५०४ (दुपारी १२:२५):
सापडले. आजोबांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. पुढच्या हेडफोन सॉकेटमध्ये कोणाच्या तरी इयरफोनच्या पिनचे टोक मोडून आत राहिले आहे, टॉर्चच्या उजेडात ते चमकते. संगणक समजतो की हेडफोन लावलेला आहे, आणि अशा वेळी ‘ऑटो-म्यूट’ नावाची सोय मागच्या स्पीकरचा आवाज आपोआप बंद करते, म्हणजे हेडफोन लावणाऱ्याचे ऐकणे खोलीभर होत नाही. पेन ड्राइव्हवरूनही आवाज का आला नाही, याचे उत्तरही हेच. सेटिंग्ज कोऱ्या असल्या तरी मोडलेले टोक तेथेच होते. म्हणजे दोन अडथळे एकावर एक होते. मंगळवारी एचडीएमआयने वाट बदलली, आणि त्याच सुमारास पिन मोडली. एक काढला तरी दुसऱ्यामुळे काहीच फरक दिसत नव्हता.

बी-७०४ (दुपारी १२:२८):
आणि उपाय?

सी-५०४ (दुपारी १२:४०):
टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा साउंड कार्डाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडला. ‘एफ६’ दाबून मदरबोर्डचे कार्ड निवडले, कारण आधी एचडीएमआयचेच समोर येत होते. प्रत्येक उभ्या पट्टीच्या खाली दोन ‘एम’ दिसले तर ती वाट बंद असते, दोन ‘ओ’ दिसले तर चालू असते, आणि ‘एम’ ही कळ दाबून ते बदलता येते. मग बाणाच्या कळीने उजवीकडे ‘ऑटो-म्यूट मोड’पर्यंत जाऊन ते ‘डिसेबल्ड’ केले. त्याच क्षणी मागे लावून ठेवलेले गाणे सुरू झाले, इतक्या मोठ्याने की वॉचमनकाका दारात येऊन उभे राहिले. ही सेटिंग जतन केली आणि संगणक दोनदा बंद-चालू करून पाहिला. आवाज टिकतो.

ए-७०२ (दुपारी १२:४४):
ए विंगच्या जिन्यातही ऐकू आले. अभिनंदन. पण पिन मोडली कोणी? संध्याकाळी अभ्यासिकेतली मुले तेथे बसतात.

बी-१०३ (दुपारी १२:४६):
नाव न घेता माझ्या मुलाकडे बोट दाखवले जात आहे. तो मंगळवारी क्लासला होता. रंगारीही कार्यालयात होते, त्यांनी संगणकाचे कॅबिनेट भिंतीपासून ओढले होते, हे कोणी का बोलत नाही?

बी-७०४ (दुपारी १२:५५):
मुलांनी बसू नये असे कृपया कोणी म्हणू नये. संगणक त्यांच्यासाठीही आहे. एखाद्याची पिन मोडली असेल आणि रागावतील या भीतीने तो बोलला नसेल, तर त्याने येऊन सांगावे, मी त्याला एक शब्दही बोलणार नाही. मला एवढेच विचारायचे आहे, ते टोक बाहेर काढायचे की नाही?

ए-६०३ (दुपारी १:०५):
काढायची घाई नको. सुईने किंवा टाचणीने उकरू नये, टोक आणखी आत जाते आणि सॉकेटच्या पट्ट्या वाकतात. डिंक लावलेली काडी घालण्याचा प्रयोगही कोणी करू नये. ऑटो-म्यूट बंद आहे, तेव्हा स्पीकरला त्या टोकाचा त्रास नाही. फक्त पुढच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून टाका.

सी-५०४ (दुपारी १:१२):
लावली, आजोबा. कोणाला हेडफोन हवा असेल तर यूएसबीचा वापरावा, तो स्वतःचे साउंड कार्ड घेऊनच येतो. नवा मॉनिटर बंद-चालू केल्यावर निवड पुन्हा एचडीएमआयवर गेली तर काय करायचे, तेही कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवले आहे. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुटमध्ये ‘लाइन आउट’ निवडायचे, एवढेच.

सचिव, सी-३०२ (दुपारी १:३०):
ताई आणि आजोबा, समितीच्या वतीने मनापासून आभार. २,२०० रुपयांचे कार्ड घेतले जाणार नाही. अभियंत्यांशी बोललो, ते उद्या रविवारी सकाळी ११ वाजता पुन्हा वेळ देत आहेत. मी साडेदहाला कार्यालय उघडून आवाज तपासेन. काकू, आपला प्रश्न पहिला घेऊ. ए-२०१ काका, स्पीकरची पावती फाईलमध्ये सापडली. माझे विधान मागे घेतो.

बी-७०४ (दुपारी १:३४):
मी छताचे फोटो आणि तिन्ही पावसाळ्यांच्या तारखा लिहून आणते. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो का, ते आधी कोणीतरी मागे बसून पाहावे.

ए-२०१ (दुपारी १:४१):
मी मागच्या रांगेत बसून पाहीन. विंडोजबाबतचे माझे मत कायम आहे.